डिंकाचा डाग

शेवटचं साधं काम म्हणजे आम्ही दोघांनी कळ्या सोलल्या. बियाण्याच्या कपाशीची एक ओळ, तिच्या या अंगानं मी आणि त्या अंगानं मंगलची आई. मधी कमरेच्या वर गेलेली झाडं. तिचं तोंड दिसत नव्हतं. पदराची कड तेवढी हालताना दिसायची आणि पानांतून बोलणं ऐकू यायचं. बोलणं पिच्चरचं. आदल्या रविवारी आम्ही टीव्हीवर एक पिच्चर अर्धा पाहिल्ता आणि उरलेला अर्धा ती आठवडाभर स्वतःच रचून राह्यल्ती.

"मंग ती बाई काय करती, ऐका," ती म्हणाली. "ती चकती पदरात बांधती."

"तिला पदर कुठं हाय? कोटावर असती ती."

"मंग कोटात शिवती. आन् बाजाराच्या दिवशी, गर्दी भरली की, कुंभार पिंपळगावच्या बाजारात उभी राहती. बांगड्यावाल्याच्या बाजूला. आन् मोठ्यानं सांगती. एकदा बाजारात सांगितलं ना, मंग कोणाच्या बापाला झाकत न्हाई."

"अमेरिकेत कुठं बाजार भरतो?"

"न भरायला काय झालं? ती लोकं खात न्हाईत का?"

मी हसलो. ती माझ्या दहा झाडं पुढं होती. कायम असायची.

ती म्हणजे माझी बायको, कौसाबाई. मी कधी नावानं हाक मारली न्हाई. मंगल आमची एकुलती लेक, म्हणून मंगलची आई. मी तिच्यासाठी मंगलचे बाबा. एवढ्यावर तीस वर्षं निघाली.

आता भादवा लागला, गावाच्या खालच्या रानात लाल कागदाच्या टोप्या दिसाया लागल्या, की मी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठतो. लांबून पाहिलं तर रानाला गोवर आल्यासारखं दिसतं. मागं एक पाव्हणा आल्ता, त्याला ते फार शोभेचं वाटलं. बांधावर उभा राहून त्यानं फोटो काढले. मला म्हणाला, "काका, तुम्ही पण उभे राहा ना त्यात." मी घरी निघून आलो. तो म्हणाला असंल, म्हातारा खडूस आहे. असंल तर असंल.

ज्यांनी हे काम पाहिलं न्हाई त्यांना सांगतो. कपाशीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं तेव्हा लोण्यासारखं पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी मातीत. कंपनीचं बियाणं करायचं तर दोन जातींची गाठ घालायची. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हुडकायची. अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि आतला पिवळा नर सोलून काढायचा. मधी काडीएवढा पांढरा दांडा उरतो, त्याच्यावर लाल टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढायची, दुसऱ्या जातीचं फूल त्या दांड्यावर घासायचं आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा बांधलेलं बोंड कंपनीचं. बिनदोऱ्याचं बोंड कंपनी हातात धरत न्हाई. आणि सोललेल्या कळीला ती एकच सकाळ असते. ऊन चढायच्या आत फूल लागलं न्हाई तर ती गळून पडते. म्हणून या कामाला खाडा न्हाई. सोयरीक असो, मयत असो, बाया रानात जायच्याच. त्या दोन महिन्यांत गावात सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य एकच, कळी थांबती का? मी पण ते बोललो. कधी बोललो ते पुढं सांगतो.

मंगलच्या आईनं त्या कामासाठी उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. भादव्यापासून दिवाळीपर्यंत ते हिरवंच असायचं. भाकरी थापताना पिठावर त्या नखाची चंद्रकोर उमटायची. मी ती भाजलेली चंद्रकोर कितीदा खाल्ली असंल. तेव्हा पाहिलंसुद्धा न्हाई की आपण काय खातोय.

पिच्चर इंग्रजी होता, वरून हिंदी बोलणं घातलेलं. तोंड एक हालायचं, बोलणं दुसरंच यायचं. केबल तेव्हा गावात नवी नवी आल्ती. पिच्चरचं नाव मला ठाऊक न्हाई, कारण नाव आलं तेव्हा ती चुलीपाशी होती आणि ती येऊन बसल्याशिवाय मी आवाज वाढवत नसे. मंगल म्हणते, "बाबा, नाव सांगा, मी कुठूनबी सीडी आणून देते." नाव कुठून आणू?

गोष्ट एका कॉम्प्युटरच्या कंपनीची होती. आभाळाला लागलेली काचेची इमारत. आत सगळे एकमेकांना दिसतात आणि कोणी कोणाकडं पाहत न्हाई. ती कंपनी दवाखान्यासाठी एक यंत्र करते. रोग्याच्या उशाशी ठेवायचं, ते आपल्या मनानं त्याच्या अंगात औषध सोडतं. यंत्र कुठंतरी चुकतं आणि माणसं मरतात. कंपनीला ते माहीत असतं. तिथं कामाला एक बाई असते, केस बारीक कापलेले. तिच्या जोडीला काम करणारा माणूस जिन्यावरून पडून मरतो. सगळे म्हणतात, पाय घसरला. ही बाई त्याच्या टेबलावर पाहते तर एका कागदाचा वरचा तुकडा कापून नेलेला. मंग ती हुडकत हुडकत जाते आणि तिला एक चकती सापडते, पापडाएवढी, तिच्यात सगळा पुरावा. तिचा मालक पांढऱ्या केसांचा, फार गोड बोलणारा. तो तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "तुम फिक्र मत करो. कंपनी को सब मालूम है."

हे ऐकलं तेव्हा मंगलच्या आईनं माझं मनगट धरलं. तिची बोटं भाकरीची, गरम होती.

मंग ती बाई चकती घेऊन जिन्यात पळते. वरून एकेका मजल्याचे दिवे बंद होत येतात. आणि तेवढ्यात आमचे अडीच वाजले. अडीचला रानात पाय पडला पायजे. खाली पट्टी येत होती, ती मी अक्षर अक्षर लावून तिला वाचून दाखवली की हाच पिच्चर पुढच्या रविवारी पुन्हा आहे. ती म्हणाली, मंग पुढच्या रविवारी पाहू. आणि तिनं टीव्ही बंद केला, त्या बाईला जिन्यात ठेवून.

पुढच्या रविवारी तो लागला असंल. त्या वेळी आम्ही नदीवर होतो, तिला घेऊन.

ती बाई अजून जिन्यातच आहे. कधी कधी दुपारी डोळा लागतो तेव्हा मला तिच्या बुटांचा आवाज येतो. उठून पाहतो तर पत्र्यावर कावळा चालत असतो.

आमच्याकडं कंपनी म्हणजे एकच. कंपनीची जीप, कंपनीचा माणूस, कंपनीचं औषध. कोणती कंपनी असं कोणी विचारत नसे. दुनियेत दुसरी असते हे मी, चौथीपर्यंत गेलेला, कुठं लक्षात घेत होतो. तिला तर अक्षरओळखच नव्हती. सोमवारी कंपनीचा माणूस प्लॉट पाहायला आला. तरणा, हसरा, आम्हाला काका-मावशी म्हणायचा. आम्ही त्याला साहेब म्हणायचो. बाया बांधावर पाणी पीत बसल्या होत्या. मंगलच्या आईनं त्याला सगळ्यांदेखत विचारलं,

"साहेब, तुमच्या कंपनीतली ती बाई सापडली का?"

"कोणती बाई, मावशी?"

"ती बारीक केसांची. जिन्यात होती."

साहेब इकडं तिकडं पाहायला लागला. शमीमबी, आमची शेजारीण, तिनंही तो पिच्चर पाहिल्ता. तिनं कपाळावर हात मारला. "अगे कौसा, वो पिच्चर है! साब को क्या पूछ रही दीवानी?"

बाया अशा हसल्या की एकीच्या नाकात पाणी गेलं. साहेब हसला. मी पण हसलो. मंगलची आई हसली न्हाई आणि लाजली पण न्हाई. तोंड पुसून म्हणाली, "बरं, ती राहू द्या. औषध मारल्यावर रानात किती दिवसांनी शिरायचं, तेवढं सांगा. पहिल्या औषधाला तीन दिवस म्हणायचे तुम्ही. ह्या नव्या डब्याला म्हणता, दुपारून शिरा."

साहेब म्हणाला, "मावशी, तुम्ही फिकीर नका करू. कंपनीला सगळं माहीत असतं."

बाया अजून हसतच होत्या, त्यामुळं कोणाला कळलं न्हाई. मला दिसलं. तिच्या हातातला तांब्या वाकडा झाला आणि पाणी तिच्या पायावर सांडत राह्यलं.

घरी आल्यावर म्हणाली, "त्याच्या तोंडातून तेच निघालं. जसंच्या तसं."

"अगं तो पिच्चर हाय. रचलेलं असतं."

"रचणाऱ्यानं कुठंतरी ऐकलं असंल तेव्हाच रचलं ना?"

उत्तर सुचलं न्हाई की मी चेष्टा करायचो. ही माझी जुनी खोड. तेव्हापासून मी तिला जिन्यातली बाई म्हणाया लागलो.

त्याच दिवशी चूल पेटवायच्या आधी ती गोठ्यात गेली. तिथं कंपनीनं दिलेला नवा डबा होता, पांढरा, हाताएवढा उंच, वर काही लिहिलेलं न्हाई. तिनं मला हाक मारली. म्हणाली, बोट लावा हितं. मी लावलं. बोट चिकटलं.

"हितं कागद होता," ती म्हणाली. "काढलाय."

"भिजून निघाला असंल."

"भिजून निघालेला कागद कडा सोडून जातो. हा पाण्यात ठिवून, खरवडून काढलाय. डिंकाचा डाग चौकोनी हाय, पाहा ना. मी जल्मभर बाटल्यांचे कागद काढून त्यात तेल भरलं, मला शिकवता?" मंग डबा माझ्यापुढं धरून म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. तुम्हाला येतं. तुम्हाला वाचता येऊ नये म्हणून काढलाय."

खरं सांगतो, माझी छाती जरा फुगली. माझ्या वाचण्याला कोणी भ्यावं असं मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. पण मी तिला एवढंच म्हणालो, "जिन्यातल्या बाई, भाकरी टाका."

ती म्हणाली, "डबा रिकामा झाला की परत देऊ नका. मी ज्वारीच्या कणगीत ठिवते. कोणाला तरी शिकल्या-सवरलेल्याला दाखवू. बाजारात कोणीतरी भेटंलच."

शनिवारी सकाळी मी औषध मारलं. पंप माझ्याच पाठीवर होता, हे लिहून ठेवतो. वास लसणाचा, उग्र, सडलेल्या लसणासारखा. डबा संपला तो तिनं पाण्यानं विसळला न्हाई, तसाच नेऊन कणगीत पुरला. दुपारी अडीचला आम्ही बांधावर आलो. पानांवरचं औषध वाळलेलं दिसत होतं. ती बांधावरच उभी राह्यली.

"आज नको. सोमवारनं शिरू."

मी म्हणालो, "कळी थांबती का?"

"न थांबू दे. दोन दिवसांच्या कळ्या गेल्या तर गेल्या."

तेव्हा मी म्हणालो, "पिच्चरातली बाई झालीस का तू? चल, शिर."

एवढंच. मी हात उगारला न्हाई, आवाज चढवला न्हाई. हसतच म्हणालो. तिनं माझ्याकडं पाहिलं, पदर नाकाला बांधला आणि आत गेली. रुसली पण न्हाई. रुसली असती तर मी आज त्याला धरून बसलो असतो. जरा वेळानं झाडांतून तिचंच बोलणं सुरू झालं. "मंग ती बाई काय करती, ऐका." ते मी सुरवातीलाच लिहिलंय. बोलायसाठी तिनं नाकावरचा पदर काढला होता. टोप्या ओठांत धरायची तिला सवय होती, दोन्ही हात मोकळे पायजेत म्हणून. एक टोपी ओठांतून घ्यायची, कळीला घालायची, एक वाक्य बोलायची. हात सगळे त्या पानांतून फिरलेले.

बाजारात बाईला उभी करून झाल्यावर ती म्हणाली, "काय की बाई, चिंच पाहिल्यावानी तोंडाला पाणी सुटून राह्यलं."

मी म्हणालो, "डोहाळे लागले का काय या वयात?"

ती हसली. पानांच्या पलीकडून. ते हसणं मी शेवटचं ऐकलं आणि ते माझ्या चेष्टेवर होतं. आता याला मी पुण्य म्हणू का पाप म्हणू, ते माझं मला समजंना.

मंग म्हणाली, डोळ्यापुढं अंधारून आलंय, दिवस मावळला का? ऊन लख्ख होतं. मी ओळ ओलांडून गेलो तर ती खाली बसलेली, घामानं सगळं लुगडं ओलं. शमीमबी धावून आली. जीप मिळाली. घनसावंगीच्या रस्त्याला तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या दारात डॉक्टरनं पापणी वर केली, खाली केली. कागदावर लिहिलं, हृदय बंद पडलं. सगळ्यांचंच शेवटी तेच बंद पडतं.

मलाही दुपारून दोनदा उलटी झाल्ती. पण मी उभा राह्यलो. मी का उभा राह्यलो याचं उत्तर कोणत्याच डब्यावर लिहिलेलं न्हाई.

दिवेलागणीला तिला घरी आणलं. मंगल धावड्याला दिलेली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. ती सकाळच्या गाडीनं येईपर्यंत थांबायचं ठरलं. साहेब आला. हात जोडले, माझ्याजवळ जमिनीवर बसला. त्याच्या डोळ्यात पाणी होतं, खोटं सांगत न्हाई. म्हणाला, मावशी फार हुशार होत्या. उठताना चपला घालत घालत हळूच म्हणाला, "काका, तो रिकामा डबा असंल ना? आम्हाला जमा करावे लागतात."

आणि मी उठलो. कणगीत खांद्यापर्यंत हात घातला, ज्वारीतून डबा वर काढला, सदऱ्यानं पुसला आणि त्याच्या हातात दिला. पुसून दिला. पिच्चरातल्या कंपनीला त्या बाईमागं माणसं सोडावी लागली, दिवे घालवावे लागले. आमच्या साहेबाला नुसतं मागावं लागलं.

तो गेल्यावर माझ्या बोटाला डिंक लागलेला होता. मी ते बोट धोतराला पुसलं. निघंना.

लोक म्हणतात, म्हातारा त्या एका दिवसाचं किती उगाळतो. नवं बियाणं आलं, नवी औषधं आली. साहेबाची बदली झाली, त्याच्या जागी दुसरा आला, तोही काका म्हणतो. तिचं कशानं झालं हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत न्हाई. मी डॉक्टर न्हाई. सांगू शकला असता तो डबा, आणि तो मी दिला. मला एवढंच माहीत आहे की आमच्या गावात एका माणसाला पुरावा दिसला होता, आणि ते माणूस निरक्षर होतं. वाचता येणारा हसत होता.

पितरांच्या पंधरवड्यात मी तिच्या नावानं दिवा लावतो. वात घरच्या कापसाची, एका छोट्या गाठोड्यातली. मंगल दर साली विचारते, "बाबा, आपला सगळा माल तर कंपनीला जायचा. मंग हे गाठोडं कुठलं?" मी तिला कधी सांगितलं न्हाई. ती हे वाचंल तेव्हा तिला कळंल.

तिला नदीवर न्यायच्या त्या रविवारी सकाळी बाया आत तिच्याजवळ बसल्या होत्या. अंघोळीचं पाणी तापत होतं. कोणीतरी म्हणालं, नखाचा हिरवा रंग काही जाईना. मी टोपली उचलली आणि मागच्या दारानं निघालो. प्लॉटात आलो, कडेच्या, दुसऱ्या जातीच्या ओळीतली नर फुलं तोडली, लोण्यासारखी पिवळी, आणि कालच्या ओळीला तिच्या अंगानं गेलो. तिच्या टोप्या ओळखू यायच्या. ती टोपीला शेवटी एक पीळ द्यायची, पुडीला देतात तसा. मी एकेक पीळ सोडवत गेलो. टोपी काढायची, फूल घासायचं, पुढं. टोपी काढायची, फूल घासायचं. दांडे सगळे जिते होते, ओलसर. तिनं काल हात लावलेलं तेवढंच त्या सकाळी जितं होतं.

निम्मी ओळ झाल्यावर शमीमबी मला हुडकत बांधावर आली. पदर तोंडाला धरलेला. लांबूनच बोलली, "भैया, क्या कर रहे? घर में मय्यत पड़ी है. मंगल आ गई. लोगां क्या बोलेंगे?"

मी पुढची टोपी काढली. ती बांधावरून खाली उतरली, माझ्या टोपलीतली मूठभर फुलं घेतली आणि ओळीच्या त्या अंगानं, माझ्या कालच्या टोप्यांना लागली. आम्ही दोघं येऊन थांबलो ते जिथं तिचं काम थांबलं होतं त्या झाडापाशी. तिथं एक कळी अर्धी सोललेली, टोपी न घातलेली, सुकून गेल्ती. तिला मी हात लावला न्हाई.

शमीमबीनं मागं वळून ओळ पाहिली. सगळ्या टोप्या निघाल्या होत्या, सगळ्या दांड्यांवर पिवळं लागलेलं होतं, आणि एकाही देठाला दोरा नव्हता. माझ्या सदऱ्याच्या खिशात दोऱ्याचं रीळ तसंच होतं, वर डोकावलेलं. तिनं तिकडं बोट केलं.

"भैया, धागा बांधना भूल गए."

मी म्हणालो, "भूललो न्हाई." आणि टोपली उचलून घराकडं चालायला लागलो.